प्रोसेसरची पारख

दुकानाच्या काचेमागे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्हींचे पडदे सारखेच रुंद, दोन्हींच्या कळांखाली सारखाच रंगीत प्रकाश. फरक दिसतो तो केवळ कोपऱ्यातील लहानशा चिकटपट्टीवर. एकीवर ‘आय७’ असे छापलेले असते, दुसरीवर ‘आय५’. खेळ खेळण्याजोगा लॅपटॉप घ्यावयास आलेला मुलगा आणि त्याचे वडील त्या दोन आकड्यांकडे पाहतात. सात हा पाचाहून मोठा. तेव्हा सात आकड्याचा लॅपटॉप अधिक वेगवान असणार, असा सरळ हिशेब ते मनाशी मांडतात. अशा लॅपटॉपला साठ-सत्तर हजार रुपये, कित्येकदा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. ती एखाद्या कुटुंबाची अनेक महिन्यांची बचत असते आणि ती एका आकड्याच्या भरवशावर खर्च होते. शिवाय या व्यवहारात चूक सुधारण्यास फारशी जागा नसते. लॅपटॉपमधील स्मृती पुष्कळदा मागाहून वाढविता येते, साठवणीची तबकडीही बदलता येते. पण प्रोसेसर हा आतील मुख्य पाटीवर डाख देऊन कायमचा बसविलेला असतो. जो घेतला, त्याच्यासहच पुढील चार-पाच वर्षे काढावी लागतात. म्हणून प्रोसेसर म्हणजे काय आणि त्याची पारख कशी करावी, हे आधीच समजून घेतलेले बरे.

प्रोसेसर म्हणजे टपालाच्या तिकिटाहूनही लहान अशा सिलिकॉनच्या चकतीवर घडविलेली असंख्य विद्युत्-कळांची रचना होय. या कळांना ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ साली इंटेल या अमेरिकन कंपनीने ‘४००४’ नावाचा प्रोसेसर विक्रीस आणला. तो मुळात एका जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी तयार झाला होता. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोके घेत असे. आजच्या लॅपटॉपमधील प्रोसेसरात ट्रान्झिस्टरांची संख्या अब्जांनी मोजावी लागते. काम मात्र मुळात तेच राहिले आहे: सूचना वाचावयाची, तीप्रमाणे आकडेमोड करावयाची, आणि उत्तर पुढे पाठवावयाचे.

खेळात हे काम कसे चालते? पडद्यावर मोटार धावताना दिसते, परंतु वस्तुतः तेथे काहीच धावत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे डोळ्यांपुढे येतात आणि डोळ्यांना गतीचा भास होतो. चित्रपटातही असेच घडते. तेथे सेकंदाला २४ चित्रे दाखवितात. पण चित्रपटातील चित्रे आधीच तयार असतात. खेळातील चित्रे त्या त्या क्षणी तयार करावी लागतात, कारण खेळणारा पुढच्या क्षणी कोणती कळ दाबील हे कोणासच ठाऊक नसते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. तेवढ्यात प्रोसेसरने पुष्कळ गोष्टी उरकावयाच्या असतात. कोणती कळ दाबली गेली, मोटार किती पुढे सरकली, भिंतीवर आपटलेला चेंडू कोणत्या दिशेने उसळला, शत्रूचे सैनिक कोणत्या वाटेने येत आहेत, या सर्वांचा हिशेब त्याने पूर्ण करावयाचा, आणि मग ‘अमुक वस्तू अमुक ठिकाणी काढ’ अशी आज्ञा द्यावयाची.

ही आज्ञा ज्याला मिळते, तो लॅपटॉपमधील दुसरा कामकरी म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. चित्र प्रत्यक्ष रंगविण्याचे काम त्याचे. सामान्य लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. प्रत्येक ठिपक्याचे काम सोपे, पण ठिपके अगणित. म्हणून ग्राफिक्स प्रोसेसरात हजारो लहान लहान गणकघटक एकाच वेळी राबत असतात. मुख्य प्रोसेसरात घटक मोजकेच, परंतु ते अत्यंत चपळ आणि नाना प्रकारची कामे करण्यात तरबेज असतात.

या दोघांचे नाते कोल्हापूरकडील गुऱ्हाळात चांगले पाहावयास मिळते. तेथे चरक उसाचा रस काढतो आणि तो रस काहिलीत आटविला जातो. चरक कितीही जोरात फिरला, तरी काहीलच लहान असेल तर रस साठून राहतो आणि चरक थांबवावा लागतो. उलट काहील प्रचंड, चुलाणात जाळ रसरसलेला, पण चरक मंद असेल, तर जळण वाया जाते. गूळ किती निघणार, हे दोहोंपैकी जो मागे पडतो त्याच्यावर ठरते. खेळाच्या लॅपटॉपात मुख्य प्रोसेसर हा चरक, तर ग्राफिक्स प्रोसेसर ही काहील होय. डोंगर, पाऊस, पाण्यातील प्रतिबिंबे अशा देखण्या दृश्यांनी भरलेल्या खेळांत बहुधा काहीलच आधी भरते. अशा खेळांसाठी सर्वांत महागडा प्रोसेसर आणि दुबळा ग्राफिक्स प्रोसेसर अशी जोडी घेणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. मध्यम प्रतीचा प्रोसेसर घेऊन वाचलेली रक्कम ग्राफिक्स प्रोसेसरवर खर्च करणारा ग्राहक अधिक शहाणा ठरतो.

तथापि सर्व खेळ सारखे नसतात. ‘माइनक्राफ्ट’ या खेळातील जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते. पिके वाढतात, प्राणी चालतात, पाणी वाहते, आणि या साऱ्याचा हिशेब मुख्य प्रोसेसरच ठेवतो. ‘सिव्हिलायझेशन’सारख्या राज्यविस्ताराच्या खेळात खेळाडूची पाळी संपली, की संगणकाच्या हाती असलेली इतर राज्ये आपापल्या खेळी ठरवितात. त्या वेळी चित्र जवळजवळ स्थिरच असते, पण प्रोसेसरला दम घ्यावयास सवड नसते. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या चढाओढीच्या खेळात मुरलेले खेळाडू चित्राची शोभा कमी करून सेकंदाला १४४ किंवा त्याहून अधिक चित्रे मागतात. १४४ चित्रे म्हणजे प्रत्येकास सात मिलिसेकंदांहूनही कमी अवधी. येथे चरकाचीच परीक्षा होते. तेव्हा ‘चांगला प्रोसेसर कोणता?’ असे विचारण्यापूर्वी ‘कोणत्या खेळासाठी?’ हे विचारावयास हवे.

प्रोसेसरची महती सांगताना दुकानदार गिगाहर्ट्झ हा शब्द हमखास उच्चारतो. प्रोसेसर ठोक्याठोक्याने काम करतो. सेकंदाला एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी ठोके पडले, की तो वेग एक गिगाहर्ट्झ झाला. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरात दोन ठोक्यांमधील काळ इतका अल्प असतो, की सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशही तेवढ्यात जेमतेम सहा सेंटिमीटर अंतर काटतो. हा वेग विस्मयकारक खरा. परंतु दोन प्रोसेसरांची तुलना केवळ ठोक्यांवरून करणे हे दोन वाटसरूंची तुलना केवळ पावलांच्या संख्येवरून करण्यासारखे आहे. एकाची पावले झटपट पण आखूड असतील, दुसऱ्याची सावकाश पण लांब. एका ठोक्यात किती काम उरकते, हाही प्रश्न असतोच. याचा धडा खुद्द इंटेलला मिळाला. त्या कंपनीचा ‘पेंटियम ४’ हा प्रोसेसर २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणण्याचा बेत मात्र त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. २००६ साली आलेला ‘कोअर २ ड्युओ’ तीन गिगाहर्ट्झच्या आतच होता, तरी त्याने आपल्या थोरल्या भावास मागे टाकले, कारण त्याच्या प्रत्येक पावलाची लांबी अधिक होती.

ठोके वाढविणे कठीण झाले, तेव्हा कारागिरांनी दुसरा मार्ग धरला. एका चकतीवर एकाऐवजी दोन, मग चार, मग आठ गणकघटक बसविले. या प्रत्येक घटकाला ‘कोअर’ म्हणतात. अनेकांनी मिळून काम करावे, ही कल्पना महासंगणकांत त्याआधीच रुजली होती. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपूनच बनविला होता. हवामानाच्या गणितासारखे काम वाटून देता येते. प्रत्येक प्रोसेसरने नकाशाच्या आपापल्या तुकड्याचा हिशेब करावा. पण सर्वच कामे अशी वाटता येत नाहीत. दहा बाया मिळून दहा भाकरी लवकर करतील. एकच भाकरी मात्र दहा जणींनी हात लावल्याने दहापट लवकर होत नाही. पीठ मळल्यावाचून थापता येत नाही आणि थापल्यावाचून भाजता येत नाही. जीन अॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हेच तत्त्व मांडले: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच अखेर एकूण वेग ठरवितो. खेळात अशी एकामागून एक करावयाची कामे पुष्कळ असतात. म्हणून आजच्या बहुतेक खेळांना सहा ते आठ चांगल्या कोअर पुरतात. सोळा किंवा चोवीस कोअर चित्रफितींची जुळवाजुळव करणाऱ्यास उपयोगी पडतील. खेळणाऱ्यास त्यांचा लाभ थोडाच.

‘चांगल्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इंटेलने २०२१ पासून आपल्या पुष्कळ प्रोसेसरांत दोन प्रकारच्या कोअर बसविण्यास प्रारंभ केला. एक प्रकार दणकट व वेगवान, दुसरा लहान व वीज वाचविणारा. जाहिरातीत मात्र पुष्कळदा दोहोंची बेरीजच सांगितलेली असते. खेळाचा मुख्य भार दणकट कोअर वाहतात. तेव्हा बेरीज न पाहता दणकट किती आहेत, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत क्वचितच ठळकपणे सांगितली जाते. ती म्हणजे कॅश स्मृती. प्रोसेसरला लागणारी माहिती लॅपटॉपच्या मुख्य स्मृतीत असते. पण तेथून ती आणावयास शेकडो ठोक्यांचा काळ जातो. तेवढा वेळ प्रोसेसर हात बांधून उभा राहतो. म्हणून वरचेवर लागणारी माहिती प्रोसेसरच्या चकतीवरच एका छोट्या साठ्यात ठेवतात. स्वयंपाक करणारी गृहिणी मिठाचा आणि मसाल्याचा डबा चुलीजवळ ठेवते, प्रत्येक चिमटीसाठी कोठीच्या खोलीत जात नाही, तसेच हे. एएमडी या कंपनीने २०२२ साली मेजावरील संगणकांसाठी ‘रायझेन ७ ५८००एक्स३डी’ हा प्रोसेसर आणला, तेव्हा या डब्याचे महत्त्व सर्वांस पटले. त्याच्या भावंडाच्या, म्हणजे ‘५८००एक्स’च्या, सर्वांत मोठ्या कॅशचे माप ३२ मेगाबाइट होते. नव्या प्रोसेसरात कॅशवर कॅश रचून ते ९६ मेगाबाइट केले होते. त्याचे ठोके उलट थोडे कमी होते. तरीही अनेक खेळांत तोच पुढे गेला. २०२३ साली अशाच रचनेचा ‘रायझेन ९ ७९४५एचएक्स३डी’ लॅपटॉपसाठीही निघाला, पण तो अर्थातच महागड्या यंत्रांत बसविला गेला.

येथपर्यंतचा विचार कोणत्याही संगणकास लागू पडतो. लॅपटॉपची खरी अडचण पुढेच आहे, आणि ती म्हणजे उष्णता. प्रोसेसर जी वीज घेतो, तिची अखेर उष्णताच होते. मेजावरील संगणकाच्या ऐसपैस पेटीत मोठे पंखे बसतात. लॅपटॉपची जाडी मात्र दोन-अडीच सेंटिमीटर, आणि तेवढ्यातच मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स प्रोसेसर असे दोन निखारे शेजारी शेजारी ठेवलेले. त्यांच्यावरून तांब्याच्या चपट्या नळ्या नेलेल्या असतात. नळीत किंचित द्रव असतो. उष्ण टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रव बनते, आणि वाटेत आणलेली उष्णता पंखा बाहेर फेकतो. युक्ती नामी खरी, पण तिला मर्यादा आहे. प्रोसेसरचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोहोचले, की जळून जाऊ नये म्हणून तो आपण होऊन वेग कमी करतो. पहिली दोन मिनिटे भरधाव चाललेला खेळ दहाव्या मिनिटाला अडखळू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

शिवाय वेग आणि उष्णता यांचे प्रमाण सरळ नसते. ठोके वाढवावयाचे तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके व दाब दोन्ही पाचव्या हिश्शाने, म्हणजे शेकडा २० ने वाढविले, तर उष्णता शेकडा २० नव्हे, तर जवळजवळ शेकडा ७३ ने वाढते. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी एवढा भुर्दंड पडतो. त्यातच अकोला, जळगाव, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पंखा जी हवा आत ओढतो, तीच तापलेली असते. थंड देशातील खोलीत जो लॅपटॉप निर्वेध चालतो, तोच येथे दुपारी लवकर थकतो.

आता दुकानातील त्या दोन चिकटपट्ट्यांचा अर्थ लागू शकेल. ‘आय७’ आणि ‘आय५’ ही केवळ घराण्यांची नावे आहेत. खरी ओळख नावाच्या शेवटच्या भागात दडलेली असते, आणि तो भाग पुष्कळदा बारीक अक्षरांत छापतात. २०२३ सालचे दोन प्रोसेसर घेतले, तर हे स्पष्ट होते. ‘आय७-१३५५यू’ यात दणकट कोअर केवळ दोन, आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. ‘आय५-१३५००एच’ यात दणकट कोअर चार, आणि मर्यादा ४५ वॅट. जास्तीत जास्त ठोक्यांचा आकडा पाहिला, तर पहिला ५ गिगाहर्ट्झ आणि दुसरा ४.७, म्हणजे तेथेही सातच पुढे दिसतो. परंतु पहिला प्रोसेसर हलक्याफुलक्या, दिवसभर बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी घडविलेला आहे. तासभर चालणाऱ्या जड खेळात पाच आकड्याचा धाकटा भाऊच वरचढ ठरतो. नावाअखेरचे ‘यू’ हे अक्षर काटकसरीचे, तर ‘एच’ आणि ‘एचएक्स’ ही बळाची खूण होय.

एएमडीच्या नावांतही असेच फसगतीचे प्रकार आढळतात. ‘रायझेन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझेन ५ ७६४०एचएस’ ही दोन्ही नावे एकाच पिढीची वाटतात. या मालिकेत खरी पिढी सांगणारा आकडा तिसरा आहे. पहिल्यात तो दोन, म्हणजे २०१९ साली आलेली ‘झेन २’ ही रचना. दुसऱ्यात चार, म्हणजे २०२२ सालची ‘झेन ४’. जुन्या गाडीला नवा रंग द्यावा, तसा हा प्रकार आहे. ग्राहकास सहज उमजावे, एवढ्यासाठी ही नावे ठेवलेली नाहीत, हे उघड आहे. पुढे इंटेलने २०२३ च्या अखेरीस आपल्या नव्या प्रोसेसरांच्या नावांतून ‘आय’ हे अक्षरच गाळले आणि एएमडीनेही २०२४ साली नावांची तऱ्हा बदलली. यास्तव नावांचे नियम पाठ करण्यापेक्षा दणकट कोअर किती, रचना कोणत्या सालची, कॅश किती आणि वीजमर्यादा किती, हे चार प्रश्न विचारणे अधिक टिकाऊ ठरते. यांची उत्तरे कंपन्यांच्या अधिकृत माहितीपत्रकात मिळतात. ग्राफिक्स प्रोसेसरच्या बाबतीतही वीजमर्यादा विसरू नये. ‘आरटीएक्स ४०६०’ हे एकच नाव असलेला लॅपटॉपचा ग्राफिक्स प्रोसेसर कोणत्या यंत्रात बसविला आहे त्याप्रमाणे ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज घेतो. नाव तेच, पण बळात केवढे अंतर!

विकत घेण्यापूर्वी त्याच नमुन्याच्या लॅपटॉपची कोणी प्रत्यक्ष परीक्षा केली असल्यास ती पाहावी. तीत पहिल्या पाच मिनिटांचा नव्हे, तर अर्ध्या तासानंतरचा वेग शोधावा. नुसत्या सरासरीवरही विसंबू नये. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे एवढ्यावर भरवसा ठेवून कोणी पाण्यात उतरत नाही, कारण मध्येच एखादा डोह असू शकतो. खेळातही सेकंदाला सरासरी ९० चित्रे दिसत असली, तरी ऐन मोक्याच्या क्षणी चित्र पाव सेकंद गोठले, तर डाव हातचा जातो. जाणकार परीक्षक म्हणूनच सरासरीशेजारी सर्वांत मंद अशा शेकडा एक चित्रांचाही वेग देतात. त्याचप्रमाणे स्मृतीची एकच पट्टी बसविली आहे की दोन, हेही विचारून घ्यावे. दोन पट्ट्या असल्या, की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते आणि प्रोसेसरला कमी ताटकळावे लागते.

लॅपटॉप घरी आल्यावर तो कोठे ठेवला जातो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. हवा आत घेण्याची छिद्रे बहुधा लॅपटॉपच्या तळाशी असतात. गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवला, तर ती बुजतात आणि उत्तमातला उत्तम प्रोसेसरही काही मिनिटांतच मंदावतो. कठीण मेजावर ठेवून त्याची मागची बाजू दोन बोटे उचलेल असे काही खाली ठेवले, तर हवेला वाट मिळते. छिद्रांत साठलेली धूळ अधूनमधून मऊ कुंचल्याने झाडून टाकली, की पंख्याचा आवाजही कमी होतो.